पर्सेफनीच्या तीन गोष्टी

जैनुद्दीन शेख सरांना पर्सेफनीचा वीट आला होता. पाथर्डीजवळच्या कॉलेजात इंग्रजी शिकवून सव्वीस वर्षं झाली, आणि त्यातली एकोणीस वर्षं ही ग्रीकांची पोर अभ्यासक्रमात ठाण मांडून बसलेली. धान्याच्या देवीची ती मुलगी. पाताळाचा राजा तिला नेतो, आई रडरडून साऱ्या दुनियेची शेतं वाळवते, आणि शेवटी वर्षातले काही महिने पाताळात, बाकीचे आईपाशी, अशी तोड निघते. पुस्तकात ती तीन तऱ्हांनी सांगितलेली. पहिलीत राजा पोरीला ओढून नेतो. दुसरीत फसवून डाळिंबाचे दाणे खायला घालतो, म्हणून तिला परत जावं लागतं. तिसरी नव्या जमान्याची, तीत पोर आपल्या मर्जीने जाते. तुलना करा, गुण दहा.

तुलना करणार कोण, कपाळ? दसरा झाला की निम्मा वर्ग ऊसतोडीला जायचा आणि सर उरलेल्या सात-आठ डोक्यांपुढे तेच दळण दळायचे. ‘तिन्ही गोष्टी सारख्याच आहेत’ एवढंच एकाने गेल्या वर्षी लिहिलं, तर सरांनी थकून त्याला दोन गुण देऊन टाकले.

पंकजा तेवढी वेगळी. तिसऱ्या वर्षाला होती. तिसरी गोष्ट तिला पटतच नव्हती. “मर्जी कसली सर, दुसरी वाट होती का तिला?” असं तिने भर वर्गात विचारलं, त्या दिवशी सरांना आपण मास्तर झाल्याचं बऱ्याच वर्षांनी बरं वाटलं.

तीच पंकजा परीक्षा पंधरा दिवसांवर आली असताना भावाबरोबर तोडीला निघाल्याचं कळलं आणि सरांचं डोकं सणकलं. गुडघे दुखत होते, तरी ते तिच्या वस्तीवर गेले. टोळीचा ट्रक दारात उभा होता, गोधड्या-भांडी चढत होती. घरी मागे राहणारी तिची आई, भागूबाई, शेळीला पाला टाकत होती.

सरांनी तिलाच धरलं. पोरीचं वर्ष बुडतंय, आईने आडवं पडायला हवं, म्हणाले. जिभेला सवयच ती, देवीची गोष्टही सांगून टाकली.

भागूबाईने सगळी ऐकून घेतली. “सर, ती बाई रडली तं पिकं वाळली. आमी रडलो तं कारखाना बंद पडतो व्हय?”

तेवढ्यात पंकजा कोयते पोत्यात गुंडाळून बाहेर आली.

“तुला कुणी जबरदस्ती केली का?” सरांनी विचारलं. “तसं असेल तर मी बोलतो तुझ्या भावाशी.”

“न्हाई सर. दादाला एकट्याला टोळीत घेत न्हाईत. दोघांची जोडी म्हंजे एक कोयता, असंच धरत्यात. वहिनीला आठवा महिना हाय. मी न्हाई गेले तर ती जानार, तशीच डोक्यावर मोळ्या घिऊन.”

“अगं, पण परीक्षा…”

“तिन्ही गोष्टी वाचल्या मी, सर. वहिनी कुठल्याच गोष्टीत न्हाई.”

वहिनी उंबऱ्यात उभी होती. विशीचीही नसेल. सरांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, पंकजाच्या हातातलं पोतं घेतलं आणि स्वतःच ट्रकमध्ये चढवलं.