पाणी नव्हतं त्या दिवशीची बाटली

ती बाटली आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. लिटरभराची, काठोकाठ भरलेली. त्या बाटलीपायी मी एका बाईला जवळजवळ आतच टाकलं होतं!

तेव्हा मी सोलापुरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपते न आटोपते तोच एक पुढारी दहा-बारा कार्यकर्ते घेऊन केबिनमध्ये घुसले आणि त्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. शहरातल्या एका छोट्या न्यूज वेबसाइटची बातमी होती. जुन्या पेठेतल्या एका बोळात गटाराच्या खोदकामात पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन फुटली, ठेकेदाराने तशीच माती लोटून खड्डा बुजवला. पुढचं पाणी येईल ते भरू नका.

"साफ खोटं! वेबसाइट विरोधकांची आहे, साहेब. हे बघा, आज सकाळीच त्या बोळातल्या नळाचं भरून आणलंय, कसं नितळ आहे!" त्यांनी बाटली टेबलावर आदळली. "बातमी काढायला लावा आणि अफवेचा गुन्हा घ्या त्या संपादक बाईवर."

स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि संपादक बाईंना बोलावलं. विणकर घरातल्या, तिशीच्या. खाली टॉवेलचे माग, वर त्यांचं ऑफिस.

"तुम्ही त्या पक्षाच्या?" मी दरडावलं.

"मत हाय की माझं, साहेब. लपवत न्हाय. पण खड्ड्यावरच्या मजुरानं सांगितलंय मला. नाव मागू नका, त्याची रोजी जाईल."

मग मी त्यांच्या वर्षभराच्या बातम्या वाचायला बसलो. पक्षपाती? शंभर टक्के! बाईंच्या नेत्याने नारळ फोडला तरी हा एवढा फोटो. समोरच्यांनी रस्ता केला तर दोन ओळी. पण जिथे आरोप, तिथे कागद जोडलेला. आणि काही बातम्यांच्या तळाशी 'दुरुस्ती'. एका दुरुस्तीत तर आमच्या तक्रारदार पुढाऱ्यांचंच नाव चुकीने आल्याचं कबूल केलेलं! मी ताठ बसलो. खबऱ्याला मी नोकरीभर असाच जोखत आलो. खबरी कुणावर तरी डूख धरूनच येतो, म्हणून खबर खोटी ठरत नाही. चुकला तर आपणहून सांगायला येतो का, हे बघायचं.

शेजारी आमच्या हवालदार बाई उभ्या होत्या. बाटलीकडे टक लावून. "साहेब, ही आज सकाळी भरली म्हणत्यात? मी त्याच बोळात राहते की! आमच्याकडं पाण्याचा दिवस उद्या हाय. आज नळ कोरडा ठणठणीत!"

अरे देवा! पुढाऱ्यांना परत आत बोलावलं.

"नळाला पाणी किती वाजता आलं?"

"सहाला."

"धार कशी होती?"

"लई जोरात!"

हवालदार बाईंनी कपाळावर हात मारला. आमच्या गावात नळाला काही दिवसांआडच पाणी येतं, तो दिवस शेंबड्या पोरालाही पाठ असतो. पण या माणसाच्या बंगल्यात बोअर, गच्चीवर टाक्या. त्याला काय पत्ता! दिवस सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "ठेकेदार आपलाच माणूस हाय, साहेब," ते पुटपुटले. "बदनामी झाली असती."

"आणि माझी नातवंडं उद्या ते पाणी पिली असती!" हवालदार बाई कडाडल्या. वरिष्ठांसमोर असा आवाज त्यांनी कधी चढवला नव्हता. मी अडवलं नाही.

दुपारीच दोन पंच आणि पाणी खात्याचे लोक घेऊन बोळात गेलो. अख्खा बोळ गोळा झाला. चार हात उकरलं आणि फुटकी पाइपलाइन दिसली, तिच्यात गटाराचा काळा पाझर. "सापडली!" मीच ओरडलो, पोरासारखा. पंचनामा झाला, व्हॉल्व्ह बंद झाला, दुसऱ्या दिवशी बोळात टँकर आला.

त्या वेबसाइटवर मोठी बातमी : 'आमच्या नेत्यांच्या पाठपुराव्याला यश!' नेता तिकडे फिरकलासुद्धा नव्हता! मी संतापून बाईंना फोन लावला आणि चांगलं झापलं.

संध्याकाळी पुन्हा उघडून पाहिलं. नेत्याचा फोटो जागच्या जागी होता. पण तळाशी एक ओळ आली होती : 'दुरुस्ती : खड्डा पोलिसांनी उघडला. बाटलीची लबाडी त्याच बोळात राहणाऱ्या हवालदार बाईंनी पकडली.'

तेव्हापासून माणूस कुणाच्या बाजूचा आहे, हे मी नंतर विचारतो. चूक कबूल करतो का, हे आधी बघतो. हवालदार बाईंनी मात्र ती ओळ छापून घेतली आणि घरी नळाच्या वर चिकटवली.