नाना खिडकीपाशी होते

आमच्या मळ्यात रोज दुपारी बारा ते दोन एक राक्षस यायचा. तो सातपुड्यातून उतरून यायचा, चांगला ताडाएवढा उंच, आणि आल्या आल्या त्याला भूक लागलेली असायची. नाना भाकरी खाऊन केळीच्या सावलीत टेकले की मी त्यांच्या डोक्याशी जाऊन बसायची आणि म्हणायची, "मग? पुढे?" नाना डोळे मिटूनच सुरू करायचे, "आते काय सांगू माय, राक्षसले भूक लागनी."

नाना म्हणजे आमचे सालदार. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वर्षभराचं साल ठरायचं, पुढच्या आखाजीला संपायचं. मालकाच्या मनात असेल तर पुन्हा ठरायचं, नाहीतर त्या माणसानं बायकापोरं आणि भांडीकुंडी घेऊन दुसरा मळा बघायचा. चोपड्याजवळ आमची केळीची बाग होती. विहिरीला लागून आमचं घर, घरामागे नानांची खोली. खोलीत त्यांची बायको आणि तीन वर्षांचं एक पोर. माझे वडील, म्हणजे आबा, नानांना अरे-तुरे करायचे. मी नाना म्हणायची आणि अहो-जाहो करायची, कारण राक्षस त्यांच्या ताब्यात होता.

तो राक्षस साधा नव्हता. त्यानं एका पाटलाकडे साल धरलं होतं! पाटलाला वाटलं, काय दांडगा गडी मिळाला. एकटा विहीर खोदायचा, एकटा गाडी ओढायचा. अट एकच, दुपारी बारा ते दोन तो कुठे जातो हे कुणी विचारायचं नाही. आता अशी अट घातल्यावर कोण गप्प बसतं? पाटलीण रोज नवी युक्ती काढायची आणि रोज फसायची. दोन उन्हाळे ही गोष्ट चालली होती. मला मध्येच शंका यायच्या. एवढा राक्षस झोपतो कुठे, त्याला सदरा कोण शिवून देतो? नाना चिडायचे नाहीत. "तेबी सांगस," म्हणायचे, आणि शिंप्याची एक वेगळीच गोष्ट निघायची.

त्या गोष्टीत माझाही हात होता, हे मला आजही मिरवावंसं वाटतं. चोपड्याच्या स्टँडवर जादूच्या गोष्टींची पातळ पुस्तकं मिळायची. चिकट रंगाचं कव्हर, आत चेटकिणी, उडते पलंग, बोलणारे पोपट. आईच्या मागे लागून मी ती आणायची. नानांना वाचता येत नव्हतं. मी दुपारी मोठ्यानं वाचायची आणि ते ऐकून घ्यायचे. दोन दिवसांनी पुस्तकातला पलंग पाटलाच्या वाड्यात येऊन पडलेला असायचा, आणि त्याच्यावर राक्षस बसला की पलंग मोडायचा. पुस्तकातला उडायचा, नानांचा मोडायचा. मला नानांचा आवडायचा.

मग आमच्याकडे टीव्ही आला. लाकडी दारांचा, दारं सरकवून कुलूप लावता येणारा. रविवारी सकाळी साडेनऊला जादूची मालिका लागायची, आणि आजूबाजूच्या मळ्यांतली सगळी पोरं आमच्या पुढच्या खोलीत मांडी घालून बसायची. पण एक अडचण होती. विहिरीवरची मोटर चालू असली की होल्टेज पडायचं. चित्र दोन्ही बाजूंनी आकसायचं, राजपुत्राची काडी व्हायची, आणि मग ते वर सरकत सुटायचं. म्हणून आमच्या भागात एक न लिहिलेला नियम होता. त्या अर्ध्या तासापुरत्या सगळे आपापल्या मोटरी बंद ठेवायचे. मोठी माणसंसुद्धा. कोणी बंद केली नाही तर त्याच्या बांधावर पोरं जाऊन उभी राहायची.

नाना आत यायचे नाहीत. सालदारानं पुढच्या खोलीत बसायचं नसतं, हे कुणी बोलायचं नाही आणि सगळ्यांना माहीत असायचं. ते खिडकीच्या गजांना धरून बाहेर उभे राहायचे, डोक्याला टॉवेल, पायाला चिखल. सोमवारी दुपारी त्यांच्या गोष्टीत टीव्हीवरची चेटकीण आलेली असायची, पण ती पाटलिणीकडे ताक मागायला यायची. मी हसून लोळायची. आज कुणी मला विचारतं, टीव्हीनं गोष्टी मारल्या का, तेव्हा मला राग येतो. आमच्या मळ्यात तरी टीव्ही नानांच्या गोष्टीला चारा घालत होता.

त्या वर्षी आखाजीच्या आधीचा आठवडा फार तापला. केळीवर घड लटकले होते, जमीन भेगाळली होती, आणि वीज दिवसातून मोजके तासच यायची. शनिवारी आबांनी सांगून टाकलं, "उद्या मालिका-बिलिका काही नाही. वीज आहे तोवर मोटर चालली पाहिजे. लांबच्या तुकड्याला दहा दिवस पाणी नाही." आणि नानांना बजावलं, "मोटरीवर कान ठेव. ट्रिप झाली की लगेच चालू कर." होल्टेज कमी असलं की मोटर आपोआप बंद पडायची. तिचा आवाज थांबला की धावत येऊन स्टार्टरचं हिरवं बटण दाबणं हे सालदाराचंच काम. एवढं सांगून रविवारी सकाळी आबा चोपड्याला गेले.

मालिका लागली आणि राजपुत्राची काडी झाली. त्या दिवशी चेटकीण पकडली जाणार होती. पोरं ओरडायला लागली, कुणी टीव्हीला थापा मारल्या. मी उठले, लघवीला जाते म्हटलं, मागच्या दारानं विहिरीवर गेले आणि स्टार्टरचं लाल बटण दाबलं. मोटर थांबली. मी मनाशी ठरवलं होतं, मालिका संपली की हिरवं दाबायचं, कुणाला कळणारसुद्धा नाही. परत आले तर चित्र एकदम भरून सरळ झालेलं. सगळ्यांनी "आ हा" केलं. मी खिडकीकडे पाहिलं. नाना गजांना धरून उभे होते आणि हसत होते. लांबच्या सरीला पाणी लावून, ती भरेपर्यंत दोन घटका बघावं म्हणून ते आले असणार. टीव्हीच्या आवाजात त्यांना मोटर थांबलेली कळली नाही. त्यांना वाटलं, होल्टेज वाढलं.

मालिका संपली. आईनं मला पाणी प्यायला हाक मारली, पोरांनी चेटकिणीवरून भांडण काढलं, त्यात मीही पडले. नऊ वर्षांच्या पोरीचं डोकं ते. आठवण झाली तेव्हा मी विहिरीकडे पळाले. नाना तिथे आधीच होते, हिरवं बटण पुन्हापुन्हा दाबत होते. मालिका संपताच ते लांबच्या तुकड्याकडे गेले होते; आजूबाजूच्या मोटरींच्या आवाजात आमची बंद असल्याचं त्यांना सरी कोरडी दिसल्यावरच कळलं. वीज गेली होती. त्याच दुपारी मळ्यांना वीज देणारा डीपी जळाला, आणि पुढे पाच दिवस वीज आली नाही.

लांबच्या तुकड्यातली केळी मधूनच वाकून मोडली. घड अजून कोवळे होते, ते मातीत लोळत पडले. एक एक झाड मोडताना आवाज यायचा. आबांनी शेजारच्या मळ्यांत चौकशी केली. रविवारी वीज साडेदहापर्यंत होती, दुसऱ्यांच्या मोटरी मालिकेनंतर लगेच सुरू झाल्या होत्या. आबांनी ओट्यावर नानांना बोलावलं. मी दाराच्या आत, आईच्या मागे उभी होते.

"मोटर ट्रिप झाली तेव्हा तू कुठे होतास?"

नानांनी खाली बघत सांगितलं, "खिडकीजोडे व्हतू, आबा. टीव्ही देखत व्हतू. चुकी मनी शे."

बस. शेतात होतो असं ते सांगू शकले असते. कोण बघायला होतं? त्यांनी खरं तेच सांगितलं, आणि मी, जिला खरं माहीत होतं, आईच्या पदराचा काठ चावत उभी राहिले. मी बोलले असते तर आबांनी मला दोन थोबाडीत दिल्या असत्या आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं.

आखाजीला आबांनी त्यांचं साल पुढे धरलं नाही. घरोघरी आमरस होता, झोक्यावर माहेरवाशिणी गाणी म्हणत होत्या, आणि नाना पोराला खांद्यावर बसवून, बायकोच्या डोक्यावर पेटी देऊन, बांधावरून चालले होते. मी धावत गेले नाही. राक्षसाचं काय झालं तेही विचारलं नाही. ते धुळ्याकडे बायकोच्या माहेरी गेले असं आई म्हणाली.

आबांनी टीव्हीच्या लाकडी दारांना कुलूप लावलं. माझी जादूची पुस्तकं पाणी तापवायच्या बंबात गेली. "या थोतांडानं घरात हे दिवस आणले," असं ते आल्या-गेल्याला सांगायचे, आणि सगळे माना डोलवायचे. मीही डोलवायची, आणि आबा बघायचे, पोरगी किती शहाणी झाली.

पुढे कितीतरी दुपारी मी त्या सावलीत जाऊन बसले. नवा सालदार आला होता. चांगला माणूस होता, जेवला की घोरायचा. मी एकटीच राक्षसाची गोष्ट पुढे नेऊन बघायची. पाटलीण बोलायची, पण तिच्या तोंडून माझाच आवाज यायचा. नानांची फार आठवण यायची. मी उठून घरात यायची. आई विचारायची, काय गं झालं, मी सांगायची, ऊन लागलं.

मी डी.एड. केलं आणि धुळ्याच्या एका शाळेत लागले. पहिल्याच वर्षी पालकांच्या सभेत विषय निघाला, मुलं जादूची पुस्तकं वाचतात, टीव्हीला चिकटून बसतात, वाया चालली आहेत. मुख्याध्यापक म्हणाले, "नव्या बाई बोलतील." मी वर्तमानपत्रांतून चार पानं उतरवून आणली होती, सगळी टीव्हीच्या विरोधात. उभी राहिले. पहिल्या पानावर नजर टाकली आणि मला खिडकीचे गज दिसायला लागले. मी म्हटलं, "मला यातलं काही सांगता येणार नाही," आणि खाली बसले. मुख्याध्यापकांनी घसा खाकरला. त्या रविवारी मी आईकडून मागवलेलं नानांच्या गावाचं नाव घेऊन साक्रीकडच्या एसटीत बसले.

नाना अंगणात खाटेवर बसून दोर वळत होते. केस पांढरे झाले होते. मान वर करून म्हणाले, "उनी का व माय?" आलीस का, असं, जणू मी सकाळीच कुठे गेले होते. माझ्या डोळ्यांना धार लागली. त्यांचा मुलगा पाणी घेऊन आला, पंधरा-सोळा वर्षांचा, मिसरूड फुटलेला. बायको शेतात होती. चहा झाला. मी हसत हसत विचारलं, "नाना, राक्षसाचं पुढे काय झालं?"

"आते गोष्टी नही सांगत मी," ते म्हणाले. "गोष्टीस्ना नाद वाईट शे. माणूस कामातून जास."

मुलगाच मग सांगत बसला. त्यांच्या घरी टीव्ही नव्हता, बाबांनी येऊच दिला नाही. लहानपणी तो शेजाऱ्यांच्या खिडकीत जाऊन उभा राहायचा. एकदा बाबांनी तिथे पकडलं आणि ओल्या दोरानं झोडपलं. "आठवडाभर पालथाच झोपलो, बाई," तो म्हणाला, आणि हसला. "बाबांना टीव्हीचा भारी राग. त्यापायी चोपड्याचं साल गेलं ना त्यांचं."

दोर वळणारे हात चालूच होते. मी कप खाली ठेवला. वाटलं, आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही.

"नाना, ती मोटर ट्रिप झाली नव्हती. मी बंद केली होती. चित्र नीट दिसावं म्हणून. आबांनी विचारलं तेव्हा मी दाराआड होते, आणि गप्प राहिले."

हात थांबले. मी वाट बघत होते, ते शिव्या देतील, नाहीतर जाऊ दे म्हणतील. दोन्हीसाठी मी तयार होऊन आले होते. ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते मुलाकडे बघत होते.

"तुले मी फुकट मारं रे, भाऊ," ते त्याला म्हणाले.

मुलगा लाजला. "जाऊ द्या ना, बाबा. जुनी गोष्ट."

मग नानांनी मला विचारलं, "तू तव्हय केवढी व्हती, माय?"

"नऊ वर्षांची."

त्यांनी मान हलवली, आणि मुलाच्या पाठीवर हात ठेवला.

"मी मारं तव्हय हाऊ बी नऊ वरीसनाच व्हता."