क्लाइव्हचा डबा

माझे काका, कमलाकर पेठे, वर्षभरात जेवढं बोलतात त्यापेक्षा जास्त मी बेसिंगस्टोकच्या ऑफिसात सोमवारच्या एका मीटिंगमध्ये बोलते. काका म्हणजे माझ्या सुप्रभामावशीचे यजमान. मूळचे नागपूरचे. त्यांचे थोरले भाऊ साउथहॅम्प्टनला डॉक्टर होते, त्यांच्या पाठोपाठ हेही आले आणि रेल्वेच्या मालवाहतुकीच्या ऑफिसात चिकटले. कोणत्या मालगाडीला कोणत्या वॅगनी, कोणत्या क्रमाने, किती वजनाच्या, याची यादी करायची हे त्यांचं काम. यादी तयार झाल्याशिवाय गाडी हलायची नाही.

समोरच्या टेबलावर क्लाइव्ह. त्याचंही काम तेच. एकदा त्याने काकांच्या डब्यातली कोथिंबीर वडी खाल्ली, आणि मावशीने दुसऱ्या दिवसापासून त्याच्यासाठी वेगळा डबा द्यायला सुरुवात केली. एक-दोन दिवस नव्हे, चौदा वर्षं. मावशीचं इंग्रजी तेव्हा जेमतेम, घरात बोलायला कोणी नाही. संध्याकाळी घरी आलेला रिकामा डबा आणि ‘क्लाइव्ह म्हणाला, छान झालं होतं’ एवढंच तिचं बाहेरचं जग. काका स्वतः कधी काही म्हणायचे नाहीत. समोर येईल ते खाली मान घालून गिळायचं, ही त्यांची पद्धत.

मग चौऱ्याण्णव साली रेल्वे विकायला काढली. मालवाहतुकीचे तुकडे करून त्यांच्या वेगवेगळ्या कंपन्या केल्या. काका एका कंपनीत गेले, क्लाइव्ह दुसऱ्या. ऑफिस मात्र एकच, म्हणून मधोमध प्लायवूडची भिंत घातली. काकांच्या कंपनीचं नाव मी सांगत नाही, सांगून कोणाला आठवणार नाही. दोन वर्षंसुद्धा भरली नाहीत, तेवढ्यात एकाच धन्याने सगळे तुकडे विकत घेतले आणि भिंत काढून टाकली. औट घटकेचं राज्य. क्लाइव्ह तेव्हाच नोकरी सोडून गेला. कंपनीचं जॅकेट काका अजून बागकामाला घालतात.

या मार्चमध्ये मावशीला क्लाइव्हच्या मुलीचं, हेझलचं, पत्र आलं. क्लाइव्ह गेला होता, गुरुवारी फ्युनरल होतं. मावशी म्हणाली, जायचं. काका ‘बरं’ म्हणाले आणि पेपरचं पान उलटलं.

गुरुवारी सकाळी मी गाडी घेऊन पोहोचले. मावशी आत वड्या डब्यात भरत होती. फ्युनरलला वड्या कशाला, असं मी म्हटलं, तर म्हणाली, त्यांचे सॉसेज रोल चालतात, मग माझ्या वड्यांनी काय घोडं मारलंय? मी बाहेर गाडीपाशी आले, तर काका माझ्या मागे आले.

“आश्लेषा, मावशीला हेझलशी फार बोलू देऊ नकोस,” ते म्हणाले.

का, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं. वॅगनींची यादी वाचावी तसं, आवाज वर नाही की खाली नाही. भिंत घातली त्याच दिवशी साडेबाराला क्लाइव्ह आपला मग आणि खुर्ची घेऊन भिंतीला वळसा घालून आला. नेहमीसारखा बसला, डबा उघडला. काकांचा नवा मॅनेजर तिथेच उभा होता. पलीकडचे लोक आता आपले प्रतिस्पर्धी, असं त्याने सकाळीच बजावलं होतं. काका म्हणाले, क्लाइव्ह, तू यापुढे तुझ्या बाजूला जेवलास तर बरं. क्लाइव्हने डबा बंद केला, मग उचलला आणि गेला. परत कधी आला नाही, आणि काकांनीही बोलावलं नाही.

पुढची पावणेदोन वर्षं मावशी दोन डबे देत राहिली. दोन्ही काका खायचे, दोन्ही विसळून घरी आणायचे, आणि घरी सांगायचे, ‘क्लाइव्ह म्हणाला, छान झालं होतं.’

मला संताप आला. आमच्याकडे माणसाने काहीही करावं, भांडावं, अबोला धरावा. पण जेवायला बसलेल्याला भरल्या ताटावरून उठवू नये. वैऱ्यालाही नाही. मावशी याला पाप म्हणते. तिला हे कळलं असतं तर तिने काकांना माफ केलं नसतं. हे काकांना ठाऊक होतं, म्हणून तर तीस वर्षं अळीमिळी गुपचिळी.

“काका, हे टू मच आहे,” मी म्हटलं. “तुम्हाला तेव्हा काहीच वाटलं नाही?”

“नाही,” ते म्हणाले. “पत्र आलं तेव्हाही मी वाट बघितली, काही वाटतंय का म्हणून. नाही वाटलं.”

एवढ्यात मावशी बाहेर आली आणि आम्ही निघालो.

क्रेमेटोरियममध्ये सगळं वीस मिनिटांत आटोपलं. काका सरळ पुढे बघत बसले होते. नंतर पबच्या मागच्या खोलीत चहा होता. मी मावशीला कोपऱ्यातल्या टेबलाशी बसवलं, पण माझ्या हुशारीचा काय उपयोग? आख्ख्या खोलीत साडी नेसलेली ती एकटीच. हेझल थेट तिच्याकडे आली आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले.

“तुमच्या जेवणाबद्दल डॅड शेवटपर्यंत बोलायचे,” ती म्हणाली. “भिंत घातली त्या दिवशी ते उघडलेला डबा बंद करून आपल्या बाजूला परतले, आणि त्यानंतर घरून चीज सँडविच न्यायचे. पण साडेबाराला प्लायवूडच्या वरून तुमच्या भाजीचा वास यायचा. तो आला की मगच ते सँडविच उघडायचे. म्हणायचे, माझा वाटा आता कोण खातंय कोण जाणे.”

तिला बिचारीला काय माहीत. मावशीने तिच्या गालावरून हात फिरवला, थँक यू म्हणाली. वड्यांचा डबा मावशीच्या पिशवीत होता. तो तिने बाहेर काढला नाही.

परतीच्या वाटेवर ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती.

“त्याला ताटावरून उठवलंत?” तिने विचारलं.

“हो,” मागच्या सीटवरून काका म्हणाले.

“आणि डबे तुम्ही खाल्लेत.”

“हो.”

पुढच्या सिग्नलला मी गाडी थांबवली. मग मावशी म्हणाली, “भाजीत गूळ कमी घाला, हे क्लाइव्ह म्हणाला होता.”

आरशात दिसलं, काकांनी मान खाली घातली.

मावशी पुण्याची. तिच्या हातची कारल्याचीसुद्धा भाजी गोड. क्लाइव्हचा निरोप आला म्हणून तिने पंचाण्णव साली गूळ कमी केला, तो आजतागायत कमीच आहे. बायकोच्या भाजीत गूळ जास्त होतो, हे सांगायला या माणसाला एक इंग्रज लागला. तोही भिंतीपलीकडचा.

“आणि छान झालं होतं, ते?” मावशीने विचारलं.

“तेही मीच,” काका म्हणाले.

घरी पोहोचलो तेव्हा चार वाजले होते. काकांनी बूट काढले आणि रोजच्यासारखे टेबलाशी जाऊन बसले. चेहरा सकाळी होता तसाच. मला रडायला येत होतं, आणि तेही कोणासाठी ते नीट कळत नव्हतं. मावशीने सकाळचा वरणभात गरम करून त्यांचं ताट वाढलं. मग पिशवीतून वड्यांचा डबा काढला, झाकण उघडून ताटाशेजारी ठेवला.

“हा क्लाइव्हचा,” ती म्हणाली. “नेहमीसारखा तुम्हीच संपवा.”

काकांनी आधी ताट संपवलं. मग एकेक करत वड्या खाऊ लागले. बाराएक वड्या असतील. सहाव्या-सातव्या वडीला ते थांबले आणि खुर्ची मागे सरकवून उठू लागले. मावशीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.

“अर्ध्यावर उठायचं नाही.”

काका बसले. त्यांनी पुढची वडी उचलली. मावशी समोरची खुर्ची ओढून बसली आणि डबा पूर्ण रिकामा होईपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिली.

“कशा झाल्यात?” तिने विचारलं.

“छान झाल्यात.”

“कोण म्हणतंय?”

काकांनी डब्याच्या तळाशी उरलेले तीळ बोटाने टिपले.

“मी म्हणतोय,” ते म्हणाले.

मावशीने डबा उचलला आणि विसळायला नेला.