रिकामे फोटो

सौंसरहून पांढुर्ण्याला जाणाऱ्या बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले होते. खांद्यावर पांढरा दुपट्टा, नखांत संत्र्याच्या बागेतली माती, हातात मोबाइल. दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये डोकावायची मला वाईट खोड आहे. त्यांच्या पडद्यावर नुसतं जंगल होतं. ते फोटो मोठा करून कोपरान्‌कोपरा बघायचे, बोटानं खूण करायचे आणि पुढच्या फोटोवर जायचे.

"काका, काय शोधून राहिले?" मी विचारलंच.

"आफ्रिकेतलं जंगल हाय. झाडाले बांधलेले कॅमेरे फोटो काढतात. त्यात कोणतं जनावर हाय, ते आपण घरबसल्या सांगाचं. मंग तिथले लोक ठरवतात, राखण कुठं वाढवाची."

सुरुवातीला गवत वाकलेलं दिसलं की ते रानडुक्कर लिहायचे. बागेची राखण करून डोळ्यांना तीच सवय लागलेली. शेवटी तिथल्याच एका संशोधक मुलीनं कळवलं, की आमच्या या भागात डुक्कर नाही, तो वारा आहे. हे सांगताना ते स्वतःशीच हसले.

"पण या फोटोत तर काहीच नाही," मी म्हणालो.

"नाही हाय, हेही लिहा लागते ना बापा. नाही तं त्याईले वाटन, जनावरं मजेत हायेत."

जामसांवलीच्या फाट्यावर ते उतरले.

पुढं नाला लागला. लहानपणी या पुलावरून हमखास हरणं दिसायची. आज मी खिडकीला नाक लावून कोपरान्‌कोपरा बघितला. काहीच नव्हतं.

हे कुठं लिहायचं, ते विचारायचं राहून गेलं.