लेकीच्या गावची भाजी

चांगलं बोलायला गेले आणि सगळं मुसळ केरात घातलं, असं माझं त्या बुधवारी झालं.

हे विम्याच्या नोकरीतून निवृत्त झाले ते जयपुरातच, मग आम्ही मालवीय नगरात राहिलो. सांगानेरच्या पुढं आत एक गाव आहे. तिथली तरुण माणसं कापडछपाईच्या कामाला बाहेर पडलेली, घरात उरलेत म्हातारे. भाजीवाला तिकडं फिरकत नाही, आणि बसनं मंडईत जायचं तर गुडघे कुणाचे आणायचे? म्हणून आम्ही मैत्रिणींनी शेजारच्या गावातला एक शेतकरी गाठला. तो दर बुधवारी देवळापाशी ताजी भाजी आणायला लागला. म्हाताऱ्यांना फुकट, शेतकऱ्याचे पैसे आम्ही देतो.

तिथं एक माँजी होत्या. एकट्या राहायच्या, बाजरीची भाकरी आणि लाल मिरचीच्या चटणीवर दिवस काढायच्या. अंगात रक्तच नव्हतं. नर्सबाईंनी बजावलं होतं, हिरवी भाजी खा, नाहीतर अंथरूण धराल.

पहिल्याच बुधवारी त्यांनी बथुआ, म्हणजे आपला चाकवत, हातात घेतला. मी कौतुकानं म्हटलं, "माँजी, तुमची लेक दिलीय ना, त्याच गावची आहे ही!" आपल्याकडची म्हातारी हरखली असती. यांनी जुडी परत ठेवली. "बेटी के गाँव का तो हम पानी भी नहीं पीते."

"अहो, जीव मोठा की रीत?" मी तडकले. माँजी पदर सावरून घरी गेल्या.

"तू गप्प बसली असतीस तर खाल्ली असती त्यांनी," हे गाडीत म्हणाले. खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

"आता दुसऱ्या गावची म्हणून सांग," यांनीच सुचवलं.

"देवळाच्या दारात खोटं बोलू? भलतंच!"

पुढच्या बुधवारी माँजी आल्याच नाहीत. घरी गेले तर अंगणात बोरीखाली खाटेवर पडलेल्या. सकाळी चक्कर येऊन पडल्या होत्या, कोपर सोललेलं.  माझ्यात भांडायचं त्राणही राहिलं नाही. तेवढ्यात वर बघितलं, तर बोर नुसती लगडलेली.

"माँजी, लेकीचं घ्यायचं नाही. पण लेकीला द्यायचं तर चालतं ना?"

"देना तो धर्म है," त्या उठूनच बसल्या.

"मग बोरं द्या की! बोरांच्या बदल्यात भाजी, अदलाबदल. फुकटाचं नाहीच काही."

त्यांनी खाटेखालची टोपली पुढं ओढली. मग म्हणाल्या, "पहले मेरा जाएगा."

त्याच दिवशी शेतकऱ्याच्या रिकाम्या गाडीतून बोरांची टोपली लेकीकडं रवाना झाली. भाजी मात्र माँजींनी आठवडाभरानं, बोरं पोचल्याची खात्री करूनच घेतली. हट्टी म्हणजे किती!

त्या दिवशी मी त्यांच्या चुलीपाशीच बसले. लसूण ठेचून घातलेला चाकवत, गरम भाकरी. माँजींची एक भाकरी संपली, त्यांनी दुसरी घेतली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

"कशी झालीय?" मी विचारलं.

त्यांनी आधी दाराकडं बघितलं, मग हळूच म्हणाल्या, "मीठी है. बेटी के गाँव की है ना." आणि पातेल्यातली उरलेली भाजी, मला न विचारताच, स्वतःच्या ताटात ओढून घेतली.