गॅलरीतून दिसलेला अज्जा

गल्लीत कुणाकडं मयत झालं की गिरिजाबाईंना बोलावणं यायचं, ते पोरांसाठी. कोपऱ्यात भेदरून उभ्या असलेल्या एकेका पोराचा हात धरून त्या पुढं न्यायच्या, गेलेल्या माणसाच्या कपाळाला त्याच्याकडून विभूती लावून घ्यायच्या आणि पोर विचारेल तेवढंच सांगायच्या. अक्कलकोटला त्या लहान असताना पाळण्यातला भाऊ गेला. थोरल्यांनी सांगितलं, "कुर्डुवाडीला मामाकडं गेलाय." दूधपित्या पोरासाठी ना सुतक, ना रडणं. त्या मात्र वर्षभर त्याचं झबलं घडी करून त्याची वाट बघत होत्या.

सून भुवनेश्वरी शाळेत शिक्षिका. सासूचं हे काम तिला कधीच पटलं नाही. त्यामुळे पहाटे सासरे ईरप्पा गेले, तसं तिनं सात वर्षांच्या लेकीला, निवेदिताला, झोपेतच उचललं आणि वरच्या मजल्यावर शेजारणीकडं नेऊन ठेवलं. "अज्जा दवाखान्यात आहेत," एवढंच सांगितलं.

"पोरीला खाली आण की," गिरिजाबाई म्हणाल्या.

"नको आई. घाबरेल, रात्री दचकून उठेल. हल्ली डॉक्टरसुद्धा सांगतात, लहान मुलांना..."

"डॉक्टरचा अज्जा गेलाय व्हय?"

आई आणि बायको, दोघींकडं एकदा बघून सोमेश हार आणायला निघून गेला.

भुवनेश्वरीचा पाय काही ठरेना. चार वेळा जिना चढली, दाराशी थांबली, आतला कार्टूनचा आवाज ऐकला आणि तशीच उतरली. खाली आली की वाटायचं, पोरगी रडत असेल. वर गेली की वाटायचं, खाली नेली तर कुणीतरी बोलून बसेल.

दुपारी लिंगायतांच्या रीतीप्रमाणे ईरप्पांना अंगणात बसवलं. भिंतीला टेकून, डोक्याला फेटा, गळ्यात हार. भजन सुरू झालं आणि वरच्या गॅलरीतून आवाज आला,

"मम्मी! अज्जा बरा झाला! बसलाय बघ!"

भजन थांबलं. जिन्यावर धडधड पावलं वाजली. सगळ्यांनी गिरिजाबाईंकडं पाहिलं. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"दवाखान्याचं तू सांगितलंस. आता हेबी तूच सांग," त्या सुनेला म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

भुवनेश्वरीनं पोरीला खालच्या पायरीवरच धरलं.

"बाळा, अज्जा बरे नाही झाले. पहाटेच वारले."

"मग बसलाय कसा?"

"आपल्यात बसवूनच माती देतात."

निवेदिता हात सोडवून पुढं गेली. अज्जाच्या गुडघ्याला हात लावला आणि झटकन मागं घेतला. रडली नाही. वळून आईकडं बघत राहिली.

"मग दवाखान्यात कोण आहे?"

"कुणी नाही."

"तू रोज शाळेत जातेस, ते तरी खरं का?"

"खरं," भुवनेश्वरी म्हणाली. पोरगी तरी बघतच राहिली. तेव्हा भुवनेश्वरी तिथंच, सगळ्यांच्या देखत, मातीत खाली बसली आणि पुन्हा म्हणाली, "खरं गं. ते खरं."