गोधडीपूजन

मुलुंडला थंडी पडते, असं पुण्याच्या माणसांना सांगून बघा. हसून हसून त्यांच्याच अंगात ऊब येते. पण पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत आमच्याकडे घरं कमी होती, डोंगर जवळ होता, आणि जानेवारीत एखादी सकाळ अशी उगवायची की दात खरोखर वाजायचे. त्या दिवसासाठी वडिलांनी घरचा एक सण काढला होता: गोधडीपूजन.

शास्त्र सोपं होतं. वर्षातल्या सगळ्यात थंड दिवशी कोणीही आंघोळ करायची नाही. देवांनीसुद्धा नाही; त्यांना ऊब म्हणून माझ्या जुन्या कानटोपीत ठेवायचं, देव्हाऱ्यातले पाचही देव आरामात मावायचे. आईने दिवसभर गोधडीतून उठायचं नाही. स्वयंपाक वडिलांचा, म्हणजे पिठलं-भात, आणि पिठल्यात गुठळ्या. शेजारच्या काकू ‘पारोसे देव’ म्हणून नाक मुरडायच्या. आई मात्र दिवाळीपेक्षा या सणाची जास्त वाट बघायची.

थंडी ठरायची ती खिडकीच्या गजाला टांगलेल्या थर्मामीटरवर. वडिलांच्या कंपनीच्या प्रयोगशाळेने तो टाकाऊ म्हणून काढला होता. गोम अशी, की सण वर्षातून एकदाच, आणि सगळ्यात थंड दिवस कोणता हे थंडी संपल्याशिवाय कळत नाही. आई विचारायची, “अहो, आज?” वडील काचेला नाक लावून म्हणायचे, “थांब गं, अजून उतरेल.” ज्याला पिठलं ढवळायचं त्यानेच मुहूर्त काढायचा, मग दुसरं काय होणार!

एका वर्षी थांबता थांबता फेब्रुवारी संपला. पारा चढला तो चढलाच. आईने गोधड्या भिजवल्या आणि आपटून आपटून धुतल्या. वडील त्या दिवशी लवकर ऑफिसला गेले.

पुढच्या जानेवारीत एका सकाळी मला जरा आधी जाग आली. आई खिडकीपाशी उभी राहून थर्मामीटर माठात बुडवत होती. मी बघतोय हे कळल्यावर तिने डोळे वटारले. तेवढ्यात वडिलांची खाट करकरली. तिने झटक्यात तो गजाला टांगला आणि गोधडीत शिरली.

“अरे वा, दणकून उतरलाय!” वडील म्हणाले. मग त्यांच्या पायावर एक थेंब पडला. त्यांनी वर बघितलं. मी आईच्या मदतीला धावलो.

“बाबा, पारा खराच उतरलाय हं. माठात नव्हता बुडवला.”

वाट लागली. गोधडी अगदी निश्चल झाली. आईचा वर्षातला एकुलता एक दिवस मी माझ्या तोंडाने घालवला होता, आणि मला रडू फुटलं.

वडिलांनी थर्मामीटर धोतराला पुसला. “माठसुद्धा गारठलाय म्हणजे कमालच झाली,” असं म्हणून ते स्टोव्हला पंप मारायला बसले. आई थेट दिवेलागणीला उठली.

त्यानंतरच्या वर्षी थर्मामीटर टांगलाच नाही. डिसेंबरात वडिलांनी सरळ विचारलं, “अगं, तूच सांग. तुला सगळ्यात जास्त थंडी कधी वाजते?”

आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “रोज. पहाटे पाचला, नळाखाली भांडी घासताना.”

 पाच वाजता वडील आणि मी, आम्ही दोघेही झोपलेले असायचो.